मिनेसोटा स्टेट फेअर आई-बाबांबरोबर: आधी गोठे, मग भोपळे, खाणं सगळ्यात शेवटी

मिनिॲपोलिस-सेंट पॉलच्या मराठी घरांत ऑगस्टमध्ये भारतातून आलेले आई-बाबा किंवा सासू-सासरे असतातच, आणि मग एखाद्या शनिवारी साडेदहाला पोहे खाऊन झाल्यावर कुणीतरी म्हणतं की चला, आज फेअर (म्हणजे राज्याची मोठी शेतकी जत्रा) करून टाकू. इथेच सगळं बिघडतं. पार्किंग शोधण्यात पाऊण तास जातो, आत शिरल्या शिरल्या चीझ कर्ड्सचा (तळलेल्या चीझच्या तुकड्यांचा) वास येतो म्हणून त्या रांगेत अर्धा तास, मग डोनट, मग लिंबू सरबत, आणि गाई-मेंढ्या आणि ते राक्षसी भोपळे बघायचे म्हणून जे आलो होतो ते सुरू होईपर्यंत तीन वाजलेले असतात, बाबांचे गुडघे बोलायला लागलेले असतात आणि लहान पोरगं स्ट्रोलरमध्ये झोपलेलं असतं. घरी येऊन सगळे म्हणतात, गर्दी फार होती बाई. गर्दी असतेच. चुकतो तो क्रम.

म्हणून हा लेख फक्त क्रमाबद्दल आणि तयारीबद्दल आहे. फेअर किती जुनी, किती भारी, ते कुणीही सांगेल.

## १. दिवस कुठला निवडायचा

फेअर बारा दिवस असते आणि लेबर डेला, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी संपते. २०२६ ला २७ ऑगस्ट ते ७ सप्टेंबर. गणपतीच्या तारखा आधी बघून घ्या, कारण कधीकधी दोन्ही एकमेकांवर येतात. २०२५ ला २७ ऑगस्टला गणपती बसले आणि फेअर २१ ऑगस्ट ते १ सप्टेंबर होती, त्यामुळे अनेकांचा गोंधळ झाला. २०२६ ला गणपती १४ सप्टेंबरला आहेत, म्हणजे तसा प्रश्न नाही.

शनिवार-रविवार टाळा, आणि लेबर डेच्या आधीचा शनिवार तर टाळाच. २०१८ मध्ये त्याच शनिवारी, १ सप्टेंबरला, एका दिवसात २,७०,४२६ माणसं आली होती आणि सगळी ३२२ एकरांत. एक दिवस सुट्टी काढून मधल्या आठवड्यात जाणं कधीही बरं.

पण इथे एक अडचण आहे जी लोकांच्या लक्षात येत नाही. बारा दिवस तीच जनावरं नसतात. पहिल्या दिवसांत फोर-एच या मुलांच्या संघटनेतल्या मुलांची जनावरं असतात, मग इतर शेतकऱ्यांची येतात, शेवटी एफएफएच्या, म्हणजे शाळेत शेती शिकणाऱ्या मुलांची. एक गट निघून दुसरा येतो त्या दिवशी एखादा बार्न, म्हणजे फेअरमधला गोठा, अर्धा रिकामा असू शकतो, नुसता भुसा आणि झाडू मारणारी माणसं. म्हणून गर्दी कमी म्हणून मंगळवार ठरवला आणि मेंढ्याच नव्हत्या, असं व्हायला नको.

तपासा: फेअरच्या वेबसाईटवर रोजचं वेळापत्रक असतं. तुमच्या दिवशी कॅटल, शीप, स्वाईन, हॉर्स यांपैकी काय आहे आणि कॉलिझियममध्ये कुठला शो आहे ते बघूनच तिकीट काढा. ज्येष्ठ नागरिक आणि मुलांसाठी सवलतीचे ठराविक दिवस असतात, तेही तिथेच दिसतात.

## २. आदल्या दिवशीची तयारी

तिकीट आधी ऑनलाईन काढा. फेअर सुरू होण्याआधी घेतलं तर स्वस्त पडतं, गेटवर मोठ्या माणसाला वीस डॉलरच्या आसपास जातात. चार वर्षं आणि त्याखालच्या मुलांना फुकट.

पासष्टच्या पुढचं कुणी बरोबर असेल तर व्हीलचेअरचा विचार आधीच करा. "मी रोज पहाटे पाच किलोमीटर चालतो" असं बाबा म्हणतात ते खरं असतं पण ते सपाट रस्त्यावर आणि थंड हवेत. इथे दिवसभर उभं राहायचं असतं, ऑगस्टमध्ये पारा तीस डिग्रीच्या वर सहज जातो आणि मधे चढही आहे. व्हीलचेअर, स्कूटर आणि स्ट्रोलर आत भाड्याने मिळतात. लाज वाटत असेल तर सामान ठेवायला घेतली म्हणून सांगा, दुपारी दोनला आपोआप कुणीतरी बसतं.

डबा न्यायला परवानगी आहे! हे कितीतरी जणांना माहीतच नसतं. बाहेरचं खाणं आत नेता येतं, पेयंही नेता येतात, फक्त दारू नाही; गेटवर बॅग तपासतात एवढंच. ज्यांना शुगर आहे त्यांच्यासाठी दशम्या-चटणी नाहीतर पोळीचा रोल घ्याच, कारण आत जे मिळतं ते एकतर तळलेलं किंवा गोड. काचेच्या बाटल्या नकोत. पाण्याच्या बाटल्या रिकाम्या न्या आणि आत भरा.

आता बूट. यावर थोडं सविस्तर सांगतो कारण इथली चूक सगळ्यात महाग पडू शकते, आणि आपल्याला नाही, तिथल्या शेतकऱ्याला.

आई-बाबा गावाकडून नुकतेच आले असतील आणि तिथे गोठ्यात जाणं-येणं असेल, तर त्याच चपला-बूट घालून फेअरच्या बार्नमध्ये जायचं नाही. आपल्याकडे लाळ्या-खुरकत आहे, अमेरिकेत १९२९ नंतर ती झालेली नाही आणि ती परत येऊ नये म्हणून ही माणसं जिवाचं रान करतात. तो विषाणू बुटांच्या तळाला, कपड्यांना लागून येऊ शकतो. म्हणूनच विमानातून उतरल्यावर कस्टमवाले विचारतात की शेतावर किंवा जनावरांजवळ होतात का, आणि त्याचं खरं उत्तर द्यायचं असतं, "नाही म्हण, कटकट नको" असं नाही. खरं सांगितलं तर फार तर बूट साफ करून देतात. भारतात जनावरांजवळ वावर झाला असेल तर इथल्या जनावरांजवळ जाण्याआधी निदान पाच दिवस जाऊ द्यावेत असं सांगितलं जातं. गुरुवारी आले आणि शनिवारी फेअर, असं करू नका. कपडे धुतलेले, बूट इथलेच.

बूट पुढून बंद हवेत. सँडल घालून शेणात पाय गेला की काय होतं हे गाववाल्यांना सांगायला नको, पण इथे वाढलेल्या मुलांना सांगावं लागतं.

बॅगेत एवढं असू द्या: टोपी, सनस्क्रीन, पातळ रेनकोट (वादळी पाऊस येतो आणि दहा मिनिटांत जातो), ओले टिश्यू, मुलांचे जादा कपडे, गोळ्या आणि एक रिकामी कापडी पिशवी. मुलांच्या खिशात तुमच्या फोन नंबरची चिठ्ठी.

## ३. पोचायचं कसं

गाडी घेऊन थेट गेटपर्यंत जायचा हट्ट सोडा. शहरभर पार्क अँड राईडच्या जागा असतात, गाडी तिथे फुकट लावायची आणि बसही फुकट. मिनेसोटा युनिव्हर्सिटीचा सेंट पॉल कॅम्पस अगदी लागूनच आहे, तिकडूनही सोय असते. ट्रेनने येत असाल तर ग्रीन लाईनने स्नेलिंगला उतरून ए लाईन बस पकडा, ती स्नेलिंग ॲव्हेन्यूवरून फेअरकडे जाते. कुणाच्या अंगणात पैसे देऊन गाडी लावण्याचा प्रकारही चालतो, पण आई-बाबांना घेऊन ते कशाला.

गेट सकाळी सातला उघडतं. सातला नाही जमलं तर आठ, पण नऊच्या आत गेटमधून आत असलंच पाहिजे, नाहीतर पुढचा सगळा क्रम कोलमडतो.

इशारा: उतरलात की बस कुठल्या गेटवर थांबली आणि परतीची कुठून सुटते त्याचा फोटो काढा. रात्री थकल्यावर सगळी गेटं सारखी दिसतात.

## ४. पहिला टप्पा: गाई, मेंढ्या, घोडे

जनावरांचे बार्न लवकर उघडतात, मोठ्या प्रदर्शनाच्या बिल्डिंगा साधारण नऊला. म्हणजे सात ते नऊ हा वेळ बार्नसाठीच आहे. हवा थंड, वास कमी, गर्दी नाही आणि मुख्य म्हणजे जनावरं जागी असतात, त्यांचं काहीतरी चाललेलं असतं. दुपारी दोनला गेलात तर सगळी आडवी होऊन रवंथ करत पडलेली, आणि मुलं म्हणतात की बोअर आहे.

सकाळी कॅटल बार्नमध्ये गाईंना आंघोळ घालतात, मग ब्लोअरने केस वाळवतात, पाठीवरचे केस उभे करून मशीनने सरळ कापतात, शेपटीचा गोंडा विंचरतात. आपल्याकडे बैलपोळ्याला जी धांदल असते तशीच, फक्त इथे विजेची यंत्रं. गाववाले बाबा इथे अर्धा तास सहज रमतात. काळ्या-पांढऱ्या होल्स्टीन बघून "अरे ही तर आपली एचएफ" हे पहिलं वाक्य, मग कास बघतात, मग कितीला दूध देते म्हणून विचारायला लावतात. विचारा की. मालक नाहीतर त्याची मुलगी तिथेच खुर्ची टाकून बसलेली असते आणि त्यांना बोलायला आवडतं. जर्सी, ब्राऊन स्विस, गर्न्सी या दुधाच्या. ॲंगस, हेरफर्ड या मांसाच्या जातीच्या. बार्नमध्ये दोन्ही असतात आणि अंगकाठीवरून फरक लगेच कळतो, दुधाची गाय हाडं दिसणारी आणि मांसाची पिंपासारखी गोल.

शो चालू असेल तर बसून बघा, निदान एक वर्ग तरी. पांढरे कपडे घालून गाय फिरवणारी मुलं दिसली की समजा दुधाच्या गाईंचा शो आहे. जज सगळ्यांना फिरवतो, रांग लावतो, बदलतो आणि मग माईकवर कारणं सांगतो की ही पहिली का आणि ती दुसरी का. ती कारणं ऐकण्यासारखी असतात. पाय, पाठ, कासेची ठेवण आणि ती मागून किती रुंद, हे सगळं येतं. एकाच वर्गात पाच-सहा जणांना निळी रिबन मिळालेली दिसली तर गोंधळू नका. फोर-एचमध्ये पुष्कळदा एकमेकांशी तुलना न करता ठरवलेल्या दर्जाशी तुलना करून रिबन देतात, त्यामुळे निळी बऱ्याच जणांना मिळते. चॅम्पियनची साधारणपणे जांभळी असते.

इथे चार चुका नेहमीच्या.

एक, न विचारता हात लावणं. आईला गाय दिसली की कपाळाला हात लावून नमस्कार करायचाच असतो, त्यात काही वाईट नाही, पण आधी मालकाला विचारायचं आणि समोरून जायचं, मागून नाही. लाथ कशी बसते ते कळायला एकदा बसावी लागत नाही.

दोन, खायला घालणं. गाईला पोळी घालायची सवय आपल्या हाडात आहे, डब्यातली दशमी बाहेर येते. अजिबात नाही. शोच्या जनावराचं खाणं मोजून-मापून असतं, त्याच्या पोटात काय गेलं याला मालक जबाबदार असतो.

तीन, वाटेत उभं राहून फोटो. "कमिंग थ्रू" किंवा "हेड्स अप" असं ओरडणं ऐकू आलं की मुलांना धरून बाजूला व्हा, पाचशे किलोचं जनावर घेऊन बारा वर्षांची पोरगी येत असते.

चार, जी सगळ्यात अवघड. मुलं एखाद्या कोकराच्या किंवा गोऱ्ह्याच्या प्रेमात पडतात आणि विचारतात की फेअर संपल्यावर हा घरी जाणार ना. मांसासाठी वाढवलेली पुष्कळशी जनावरं इथून कत्तलखान्यात जातात, काहींचा लिलाव होतो आणि तो पैसा त्या मुलांच्या कॉलेजला लागतो. शाकाहारी घरातल्या सहा वर्षांच्या पोराला हे तिथेच दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्यापेक्षा आदल्या रात्री तुमच्या तोंडून कळलेलं बरं. आणि तिथल्या मुलाला "तू याला मारणार?" असं आपल्या मुलाने विचारलं तर लाजून ओढून नेऊ नका. ती मुलं शांतपणे उत्तर देतात, बहुतेकदा आपल्यापेक्षा चांगलं.

कोंबड्यांचं एक लक्षात ठेवा, त्या असतीलच असं नाही. २०१५ मध्ये बर्ड फ्लूमुळे मिनेसोटातल्या सगळ्या फेअरमधली कोंबड्यांची प्रदर्शनं बंद होती. २०२४ मध्ये तो आजार दुभत्या गाईंमध्ये निघाला तेव्हा प्रदर्शनात आणायच्या दुभत्या गाईंची आधी तपासणी सक्तीची केली होती. म्हणून मुलांना कबूल करण्याआधी त्या वर्षीचं बघा.

## ५. डुकरांचा बार्न: सगळ्यांनी जायचं नाही

इथे गर्दी असते कारण फेअरमधला सगळ्यात मोठा डुक्कर इथेच ठेवलेला असतो, शेकडो किलोंचा, बहुतेक वेळ झोपलेला. मोठ्या, तब्येतीने ठणठणीत माणसांनी जरूर बघावा. पण पाच वर्षांखालची मुलं, पासष्टच्या वरचे, गरोदर बायका, आणि दमा, मधुमेह, हृदयविकार असलेले, यांनी या बार्नपासून लांब राहावं अशी इथल्या आरोग्य खात्यांची सरळ सूचना आहे. कारण डुकरांचा फ्लू माणसाला होतो. २०१२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत तीनशेहून जास्त लोकांना तो झाला आणि बहुतेकांचा संबंध अशाच फेअरशी होता.

आता हिशेब करा: आजी-आजोबा आणि नातू, म्हणजे आपल्या गटातले निम्मे लोक या यादीत बसतात. म्हणून गट फोडा. एकाने आजी-आजोबांना घेऊन बाहेर बाकावर बसायचं, बाकीच्यांनी पाच मिनिटांत डुक्कर बघून यायचं.

इशारा: डुकरांच्या बार्नमध्ये स्ट्रोलर, दुधाची बाटली, चोखणी, खेळणी, पाण्याची बाटली, काहीच आत न्यायचं नाही. खाणं तर नाहीच. आजोबांना जायचंच असेल आणि ते ऐकणार नसतील तर चांगला मास्क लावा, कशाला हात लावू देऊ नका आणि लवकर बाहेर आणा.

## ६. मिरॅकल ऑफ बर्थ सेंटर

जडसन ॲव्हेन्यूवर, कॅटल बार्नच्या बाजूलाच. इथे गाई, मेंढ्या, डुकरिणी लोकांसमोर वितात. वेळ कुणाच्या हातात नसते, त्यामुळे "अकराला वासरू होणार आहे का" असं विचारू नका, तिथले व्हेटरनरीचे विद्यार्थी हसतात. करायचं असं की आत जाऊन कुठली गाय अस्वस्थ आहे, उठबस करते आहे ते बघायचं, स्क्रीन लावलेले असतात त्यावरही दिसतं, आणि वीस मिनिटं थांबायचं. नाही झालं तर पुढे व्हा, दुपारी परत या. एक-दोन दिवसांची पिल्लं तर असतातच.

ज्या मुलांना रक्त बघून भीती वाटते त्यांना आधी सांगा. वासरू बाहेर येतं तेवढंच नसतं, नंतर वारही पडते, आणि कधीकधी वासराला दोरी लावून ओढावं लागतं. शहरात वाढलेल्या मोठ्या माणसांनाही इथे घाम फुटलेला दिसतो. आज्या मात्र पुढे सरकून सूचना द्यायला लागतात.

डुकरिणी इथेही असतात, तेव्हा वरची यादी इथेही लागू.

## ७. थांबा: हात

हा वेगळा टप्पा केलाय कारण लोक तो टप्पाच धरत नाहीत. बार्नच्या बाहेर पडताना हात धुवायच्या जागा असतात. साबण आणि पाणी, वीस सेकंद, प्रत्येकाने, ज्याने कशालाच हात लावला नाही असं म्हणतो त्यानेही, कारण कठड्याला हात लावलेला असतोच. सॅनिटायझर हा साबणाला पर्याय नाही, गुरांच्या शेणातून येणाऱ्या सगळ्या जंतूंवर तो चालत नाही. त्यातल्या ई. कोलाय या जंतूचा त्रास लहान मुलांना किडनीपर्यंत जाऊ शकतो. स्ट्रोलरची चाकं, बुटांचे तळ ओल्या टिश्यूने पुसा. मुलाचा अंगठा तोंडात जायची सवय असेल तर बार्नमध्ये त्याचे हात तुमच्या हातात.

खाणं शेवटी का, ते आता लक्षात आलं असेल.

## ८. भोपळे

आता साडेनऊ-दहा झालेत, ॲग्रिकल्चर हॉर्टिकल्चर बिल्डिंग उघडलेली आहे. चढावर आहे, आजोबांना हळूहळू आणा.

आधी अपेक्षा नीट करा, कारण इथे सगळ्यात जास्त हिरमोड होतो. लोकांनी बातमीत हजार-बाराशे किलोचा भोपळा पाहिलेला असतो आणि तोच इथे शोधतात. ते आकडे ऑक्टोबरचे असतात. हे भोपळे साधारण एप्रिलमध्ये घरात बी रुजवून लावतात, जूनच्या शेवटी-जुलैत हाताने परागीभवन करतात, मग एका वेलीवर एकच फळ ठेवून बाकीची खुडून टाकतात, आणि भर वाढीच्या दिवसांत ते फळ रोज वीस किलोच्या आसपास वजन घेतं. ऑगस्टच्या शेवटी फेअरला आणायचा म्हणजे तो वाढ चालू असतानाच तोडावा लागतो. त्यामुळे ज्यांना विक्रम करायचा असतो ते आपला सगळ्यात मोठा वेलीवरच ठेवतात.

विक्रमाचं सांगायचं तर मिनेसोटाचाच माणूस आहे, अनोकाचे ट्रॅव्हिस गिंगर, हॉर्टिकल्चरचे शिक्षक. २०२३ मध्ये त्यांनी २,७४९ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ १,२४७ किलोचा भोपळा ट्रकवर घालून कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बेला नेला आणि जागतिक विक्रम केला, त्या भोपळ्याचं नाव मायकल जॉर्डन. तो विक्रम २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या पॅटन भावांनी २,८१९ पौंडांचा भोपळा आणून मोडला.

फेअरमध्ये भोपळा बघताना असं बघा:

आधी पाटी. वजन पौंडात असतं, सव्वादोनने भागा की साधारण किलो येतात, आजोबांना किलोत सांगितलं तरच डोळे मोठे होतात. मग आकार. हे गोल आणि केशरी नसतातच, बसकट, फिकट, एका बाजूला कललेले, कधी अगदी पिठाच्या पोत्यासारखे. स्वतःच्याच वजनाने ते पसरतात. हिरवा किंवा राखाडी असेल तर तो स्पर्धेत भोपळा म्हणून धरत नाहीत, स्क्वॉश म्हणून वेगळा वर्ग असतो, जात एकच असली तरी. मग देठाजवळ आणि बुडाशी भेग आहे का ते बघा. आतल्या पोकळीपर्यंत गेलेली भेग किंवा कुजका डाग असेल तर भोपळा बाद होतो, मग तो कितीही जड असो.

शेतात वजनकाटा नसताना वजन कसं काढतात हे मुलांना दाखवण्यासारखं आहे. टेपने तीन मापं घेतात: जमिनीला समांतर पूर्ण घेर, वरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, आणि वरूनच देठाकडून फुलाच्या टोकाकडे. तिन्हींची बेरीज करून तक्त्यात बघायचं. घरच्या लाल भोपळ्यावर करून बघा, मात्र तक्ता मोठ्यांसाठीचा असल्याने लहानावर अंदाज भरकटतो.

फोटो काढताना भोपळ्यावर बसायचं नाही, रेलायचं नाही, देठाला तर हातही नाही. मूल शेजारी उभं करून कॅमेरा त्याच्या कमरेच्या उंचीवर धरा, वरून काढलेल्या फोटोत भोपळा नेहमी लहान दिसतो.

आणि हो, "याचे घारगे किती होतील गं" हा प्रश्न प्रत्येक आजी विचारते. होणार नाहीत, झाले तरी चवीला पाणचट. याचं प्रजनन वजनासाठी झालंय, चवीसाठी नाही.

इशारा: कुणी कौतुकाने या भोपळ्याच्या बिया दिल्या किंवा विकत मिळाल्या तरी त्या बाबांच्या बॅगेत घालून गावी पाठवू नका. भारतात पेरणीचं बी आणायला आयात परवाना आणि रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, २००३ च्या प्लांट क्वारंटाईन ऑर्डरप्रमाणे. "चार बियाच तर आहेत" हे कस्टमवर चालत नाही.

आई-बाबा ऑक्टोबरपर्यंत असतील तर स्टिलवॉटरच्या हार्वेस्ट फेस्टला न्या, तिथे भोपळ्यांचं खरं वजन होतं, फोर्कलिफ्टवरून उतरवून काट्यावर ठेवतात. खरं तर भोपळ्यासाठीच जायचं असेल तर माझ्या मते तेच बरं, फेअरमध्ये भोपळा हा बाकीच्यांतला एक असतो.

याच बिल्डिंगमध्ये बियांची चित्रं आहेत, मोहरी-जवस-मका असे दाणे एकेक चिकटवून केलेली. रांगोळी घालणाऱ्या बायकांना इथून हलवायला वेळ लागतो. रांग सकाळी लहान असते. जवळच डेअरी बिल्डिंगमध्ये काचेच्या फिरत्या खोलीत, चार डिग्रीत, डेअरीवाल्यांच्या 'प्रिन्सेस के' स्पर्धेतल्या मुली एकेक दिवस कोट घालून बसतात आणि चाळीस किलो लोण्याच्या ठोकळ्यातून त्यांचं डोकं कोरतात. पाच मिनिटं पुरतात.

## ९. आता खाणं

अकरा-साडेअकरा. परत एकदा हात धुवा.

नियम एकच: प्रत्येकासाठी वेगळं घ्यायचं नाही. एक पदार्थ, चार माणसं, दोन-दोन घास, पुढचा. नाहीतर तिसऱ्या दुकानात पोटं भरतात आणि शंभर डॉलर गेलेले असतात. फेअरचं कूपनचं पुस्तक मिळतं, चार-पाच पदार्थ खाणार असाल तर ते वसूल होतं.

शाकाहारींसाठी: भाजलेलं मक्याचं कणीस (लोण्यात बुडवून देतात, नको असेल तर आधी सांगा), फ्रेंच फ्राईज, मिनी डोनट, तळलेली लोणच्याची काकडी, मधाचं आईस्क्रीम, कुकीज, आणि डेअरीवाल्यांकडचं हवं तेवढं प्या असं थंड दूध. चीझ कर्ड्स गरम असतानाच खा. काटेकोर पाळणाऱ्यांनी लक्षात घ्या की चीझमध्ये रेनेट (दूध गोठवायला घालतात ते) जनावराचं असू शकतं आणि तळायचं तेल बऱ्याच ठिकाणी एकच असतं. काडीवरचं सगळंच शाकाहारी नसतं, प्रोंटो पप म्हणजे आत सॉसेज. पाय (pie) नावाच्या पदार्थाच्या कवचात डुकराची चरबी (लार्ड) आहे का, आणि बीन्समध्ये बेकन आहे का, हे विचारल्याशिवाय घेऊ नका. "व्हेजिटेरियन आहे का" एवढं विचारलं तर पुष्कळदा हो म्हणतात. "यात लार्ड आहे का, तेलात चिकन तळता का" असं नेमकं विचारा.

आजोबांना मात्र आधी डब्यातली दशमी, मग चवीपुरतं.

तपासा: दोन वाजले का? ऊन असेल तर आता तासभर सावलीत बसा, गोळ्यांची वेळ बघा, पाणी प्या. मुलांना राईड्स हव्या असतील तर त्या जेवणाआधी किंवा जेवून तासाभराने, लगेच नाही.

## १०. निघताना आणि घरी आल्यावर

तीन-साडेतीनला निघा. हे ऐकून लोक म्हणतात एवढ्या लवकर? तुम्ही सातला आलाय, आठ तास झालेत. संध्याकाळी कामावरून सुटलेली गर्दी आत येत असते आणि तुम्ही रिकाम्या बसने बाहेर. कुकीजची बादली घ्यायची असेल तर ती सगळ्यात शेवटी, गेटकडे जाताना, आणि झाकण न लागण्याइतकी शिगोशीग भरून देतात तेव्हा वरच्या चार तिथेच खाऊन टाका.

घरी बूट बाहेरच काढा, तळ साबणाने घासा, बार्नमध्ये घातलेले कपडे वेगळे धुवा, मुलांना आंघोळ. पुढच्या आठवड्याभरात कुणाला ताप, खोकला किंवा जुलाब झाले, विशेषतः रक्त पडलं, तर थांबू नका, व्हिजिटर इन्शुरन्सचा कागद घेऊन डॉक्टरकडे जा आणि ते विचारतील याची वाट न बघता स्वतःहून सांगा की अमुक तारखेला फेअरला गेलो होतो, गाई-डुकरांच्या बार्नमध्ये होतो. डॉक्टर त्यावरून वेगळी टेस्ट करतात.